डीबग सिम्बॉलांचे ओळखक्रमांक

डीबग सिम्बॉलांचे ओळखक्रमांक म्हणजे एखाद्या प्रोग्रामची नेमकी कोणती प्रत संगणकावर चालत होती हे ठरवून, तिच्याशी तंतोतंत जुळणारी डीबग माहितीची फाइल आणि त्या फाइलमधील योग्य सिम्बॉल शोधण्यासाठी वापरले जाणारे एकमेव संकेत होत. लिनक्सवरील बिल्ड आयडी, विंडोजवरील पीडीबी फायलींचा जीयूआयडी व त्यासोबतचा 'एज' हा अंक, आणि मॅकओएस व आयओएसवरील यूयूआयडी ही त्यांची प्रमुख उदाहरणे आहेत.

हे संकेत सर्वसाधारण वापरकर्त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतात. मात्र प्रोग्राम अचानक बंद पडल्यावर (क्रॅश झाल्यावर) त्याचे कारण शोधण्याची सर्व प्रक्रिया त्यांच्या अचूकतेवर अवलंबून असते. ओळखक्रमांक जुळला नाही तर डीबगर केवळ पत्ते दाखवतो. ओळखक्रमांकाच्या सदोष रचनेमुळे चुकीची फाइल जुळली, तर मात्र तो खऱ्यासारखी दिसणारी परंतु चुकीची नावे दाखवतो. त्यामुळे अशा ओळखक्रमांकाची रचना करताना जुळणी सुलभ करण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व चुकीची जुळणी टाळण्याला दिले जाते.

पार्श्वभूमी

प्रोग्रामचा मूळ मजकूर (सोर्स कोड) कंपायलर व लिंकर यांच्या साहाय्याने यंत्रभाषेत रूपांतरित होतो. या रूपांतरात फंक्शनांची नावे, चलांचे प्रकार, सोर्स फायलींची नावे आणि ओळींचे क्रमांक यांची प्रोसेसरला गरज उरत नाही. ही माहिती स्वतंत्रपणे साठवली जाते व तिला डीबग माहिती म्हणतात. युनिक्स प्रकारच्या प्रणालींत ती ड्वार्फ या स्वरूपात, तर मायक्रोसॉफ्टच्या साधनांत पीडीबी या स्वरूपात ठेवतात. ड्वार्फची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

डीबग माहिती बहुधा मूळ प्रोग्रामच्या अनेक पट मोठी असते. शिवाय तिच्यातून प्रोग्रामची अंतर्गत रचना उघड होते. म्हणून वितरणापूर्वी ती प्रोग्राममधून काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली जाते. वापरकर्त्याकडे केवळ एक्झिक्युटेबल फाइल पोहोचते आणि डीबग फाइल निर्मात्याकडे राहते. प्रोग्राम क्रॅश झाल्यावर येणाऱ्या अहवालात फक्त स्मृतीतील पत्ते असतात. त्या पत्त्यांना नावे देण्यासाठी ताटातूट झालेल्या या दोन फायली पुन्हा एकत्र आणाव्या लागतात. ओळखक्रमांकाचे कार्य येथून सुरू होते.

नाव आणि ओळखक्रमांक यांतील फरक

फाइलचे नाव हा तिचा ओळखक्रमांक होऊ शकत नाही, कारण नाव एकमेव नसते. महाराष्ट्रात खामगाव नावाची एकाहून अधिक गावे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव शहर टपाल खात्यासाठी ४४४३०३ या पिनकोडने निश्चित होते, तर रेल्वेसाठी त्याच शहराच्या स्थानकाला वेगळा संकेत आहे. प्रत्येक व्यवस्था आपल्या गरजेनुसार नावाखेरीज दुसरा संकेत योजते.

डीबग फायलींच्या बाबतीत प्रश्न याहून अवघड असतो. तेथे एकाच नावाच्या व एकाच आवृत्ती क्रमांकाच्या अनेक फायली असू शकतात. एकच प्रोग्राम दिवसातून अनेकदा बांधला जातो, वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी बांधला जातो, तसेच एकाच सोर्स कोडपासून वेगवेगळे कंपायलर वेगळी यंत्रभाषा निर्माण करतात. यांपैकी प्रत्येक बांधणीत (बिल्डमध्ये) फंक्शनांचे पत्ते वेगळे असू शकतात. त्यामुळे ओळखक्रमांक प्रोग्रामला नव्हे, तर त्याच्या एका विशिष्ट बांधणीला दिला जातो.

चुकीच्या जुळणीचे स्वरूप

पुढील काल्पनिक उदाहरणावरून चुकीच्या जुळणीचा परिणाम स्पष्ट होतो. एक लायब्ररी स्मृतीत १०,००,००० या पत्त्यापासून भरली गेली आणि १०,०६,७२० या पत्त्यावर क्रॅश झाला. लायब्ररीच्या सुरुवातीपासूनचे अंतर ६,७२० इतके येते. योग्य डीबग फाइलनुसार ६,६०० ते ६,८०० ही जागा 'हिशेब' या फंक्शनची आहे, म्हणून दोष त्या फंक्शनमध्ये शोधावा लागेल.

दुसऱ्या दिवशीच्या बांधणीत आधीच्या भागात २०० बाइटांची भर पडली, तर 'हिशेब' हे फंक्शन ६,८०० ते ७,००० या जागेत सरकेल आणि ६,६०० ते ६,८०० या जागेत त्याच्या आधीचे 'नोंद' हे फंक्शन येईल. या दुसऱ्या बांधणीची डीबग फाइल वापरल्यास डीबगर कोणतीही तक्रार न करता 'नोंद' हे नाव व त्याचा ओळ क्रमांक दाखवेल. उत्तर चुकीचे आहे याची कोणतीही खूण त्यात नसेल. दोष नसलेल्या फंक्शनची तपासणी होत राहील आणि खरा दोष तसाच राहील.

चांगल्या ओळखक्रमांकाची लक्षणे

ओळखक्रमांकाच्या रचनेत सामान्यतः पुढील अपेक्षा ठेवल्या जातात.

एकमेवता: दोन भिन्न बांधण्यांचा ओळखक्रमांक एकच येण्याची शक्यता नगण्य असावी.

स्थैर्य: एक्झिक्युटेबल फाइलमधून डीबग माहिती काढून टाकल्यावर, फाइलचे नाव बदलल्यावर किंवा ती दुसऱ्या यंत्रावर नेल्यावरही ओळखक्रमांक बदलू नये.

दोन्ही फायलींत उपस्थिती: एक्झिक्युटेबल व डीबग फाइल यांत तोच संकेत लिहिलेला असावा, म्हणजे संपूर्ण फाइल न वाचता तुलना करता येते.

स्मृतीतून वाचता येणे: क्रॅशच्या वेळी मूळ फाइल उपलब्ध नसली, तरी प्रक्रियेच्या स्मृतीच्या प्रतीतून (कोअर डंप) संकेत मिळावा.

शोधसुलभता: संकेतावरून थेट फाइलचा मार्ग किंवा जालावरील पत्ता तयार करता यावा, म्हणजे वेगळ्या सूचीची गरज पडत नाही.

या अपेक्षा नेहमी परस्परांशी सुसंगत नसतात. विशेषतः एकमेवता व पुनरुत्पादनक्षमता यांत तडजोड करावी लागते.

विविध प्रणालींतील रचना

डीबगलिंक

ग्नू साधनांमधील जुन्या पद्धतीत एक्झिक्युटेबल फाइलच्या एका विभागात डीबग फाइलचे नाव आणि तिच्या मजकुराचा ३२ बिटांचा सीआरसी लिहिला जातो. डीबगर ठरावीक ठिकाणी त्या नावाची फाइल शोधतो व सीआरसी पडताळतो. या पद्धतीत तीन उणिवा आहेत. शोध नावावर आधारलेला असतो, पडताळणीसाठी संपूर्ण डीबग फाइल वाचावी लागते, आणि ३२ बिटांचा संकेत मोठ्या संग्रहासाठी अपुरा ठरतो. सीआरसीची निर्मितीच मुळी प्रक्षेपणातील चुका ओळखण्यासाठी झाली होती, फायलींना एकमेव ओळख देण्यासाठी नव्हे.

बिल्ड आयडी

बिल्ड आयडीची संकल्पना रेड हॅट या कंपनीतील रोलंड मॅकग्रा यांनी मांडली व २००७ मध्ये फेडोरा ८ या वितरणात ती प्रत्यक्षात आली. त्याच वर्षी ग्नू लिंकरमध्ये बिल्ड आयडी निर्माण करण्याचा पर्याय समाविष्ट झाला. लिंकर अंतिम फाइलच्या मजकुराचा हॅश काढून तो एका लहान 'नोट' विभागात लिहितो. एसएचए-१ वापरल्यास हा संकेत १६० बिटांचा, म्हणजे २० बाइटांचा, असतो व षोडशमान पद्धतीत ४० अंकांनी लिहिला जातो. एमडी५, यादृच्छिक यूयूआयडी किंवा वापरकर्त्याने दिलेला संकेत हे पर्यायही उपलब्ध आहेत.

हा विभाग प्रोग्रामसोबत स्मृतीत भरला जातो. लिनक्स कर्नल सामान्यतः एल्फ फाइलचे सुरुवातीचे पान कोअर डंपमध्ये घेते, म्हणून मूळ फाइल नसतानाही कोणती बांधणी चालत होती हे कळू शकते. डीबग फाइल साठवताना ४० अंकांपैकी पहिल्या दोन अंकांची निर्देशिका केली जाते व उरलेले ३८ अंक फाइलचे नाव होतात. यामुळे संग्रह २५६ निर्देशिकांत विभागला जातो आणि एकाच निर्देशिकेत लक्षावधी फायली साचत नाहीत. कार्यमापनासाठी वापरले जाणारे लिनक्सचे 'पर्फ' हे साधनही आपल्या नोंदींत बिल्ड आयडी साठवते.

गो भाषेच्या साधनांत पूर्वीपासून स्वतःचा निराळा बिल्ड आयडी होता. परंतु इतर डीबग साधने ग्नू पद्धतीचाच संकेत शोधत असल्याने, १.२४ या आवृत्तीपासून गोचा लिंकर एल्फ फायलींत ग्नू बिल्ड आयडी व मॅकओएसवर यूयूआयडी आपोआप लिहू लागला.

पीडीबी

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पीडीबी रचनेत ओळखीसाठी ३२ बिटांचा वेळेचा शिक्का वापरला जाई. नंतरच्या पीडीबी ७.० रूपात त्याची जागा १२८ बिटांच्या जीयूआयडीने घेतली. त्यासोबत 'एज' नावाचा अंक असतो. टप्प्याटप्प्याने लिंक करताना तीच पीडीबी फाइल अद्ययावत केली जाते. अशा वेळी जीयूआयडी कायम राहतो व 'एज' वाढतो. सिम्बॉल संग्रहात फाइलचे नाव, त्यानंतर जीयूआयडी व 'एज' एकत्र जोडून केलेली निर्देशिका, आणि तिच्यात पुन्हा तीच फाइल अशी मांडणी असते.

एक्झिक्युटेबल फाइल शोधण्यासाठी मात्र वेळेचा शिक्का व स्मृतीतील आकार यांची जोडी वापरतात. वेळेमुळे प्रत्येक बांधणी वेगळी होत असल्याने विंडोज १० मधील प्रणालीच्या फायलींत त्या जागी हॅशवर आधारित मूल्य लिहिले जाऊ लागले. त्यामुळे त्या क्षेत्राचा दिनांक म्हणून अर्थ लावल्यास निरर्थक, कधी भविष्यातील, तारीख दिसते.

मॅक-ओ

ॲपलच्या मॅक-ओ फायलींत लिंकर १२८ बिटांचा यूयूआयडी लिहितो. डीबग माहितीच्या डीसिम संचातही तोच यूयूआयडी असतो. एकाच फाइलमध्ये अनेक प्रोसेसरांसाठीची यंत्रभाषा असल्यास प्रत्येक भागाला स्वतंत्र यूयूआयडी मिळतो. मॅकओएसवर स्पॉटलाइट या शोधप्रणालीच्या साहाय्याने यूयूआयडीवरून डीसिम संच शोधता येतो.

ब्रेकपॅड

गूगलच्या ब्रेकपॅड या क्रॅश अहवाल प्रणालीला सर्व प्रणालींसाठी एकच रूप हवे होते. तिने जीयूआयडी व 'एज' यांची विंडोजची रचना आधारभूत मानली. लिनक्सवर बिल्ड आयडीच्या २० बाइटांपैकी पहिले १६ बाइट घेऊन त्यांचा जीयूआयडीसारखा संकेत तयार होतो व शेवटी 'एज' म्हणून शून्य जोडले जाते. जीयूआयडीच्या पहिल्या तीन भागांतील बाइटांचा क्रम उलटा असल्याने मूळ बिल्ड आयडी व ब्रेकपॅडचा संकेत डोळ्यांनी ताडून पाहिल्यास वेगळे वाटतात. बिल्ड आयडी नसलेल्या फाइलसाठी यंत्रभाषेच्या पहिल्या ४,०९६ बाइटांवरून संकेत काढला जातो. सुरुवातीचा हा भाग समान असलेल्या दोन बांधण्यांना त्यामुळे एकच संकेत मिळू शकतो. एका प्रणालीचा ओळखक्रमांक दुसऱ्या प्रणालीच्या साच्यात बसवताना काय गमावले जाते, याचे हे उदाहरण आहे.

यादृच्छिक व मजकुराधारित संकेत

ओळखक्रमांक दोन प्रकारे निर्माण करता येतो. यादृच्छिक पद्धतीत प्रत्येक बांधणीला नवा संकेत मिळतो. ही पद्धत सोपी व जलद आहे, परंतु एकाच सोर्स कोडपासून त्याच साधनांनी पुन्हा केलेली बांधणीही वेगळी ठरते. मूळ डीबग फाइल हरवल्यास पुन्हा बांधून ती मिळवता येत नाही.

मजकुराधारित पद्धतीत फाइलच्या मजकुराचा हॅश हाच संकेत असतो. समान मजकुराला समान संकेत मिळतो. डेबियनसारख्या वितरणांनी पुरस्कारलेल्या पुनरुत्पादनक्षम बांधणीच्या कल्पनेशी ही पद्धत सुसंगत आहे. सोर्स कोड, साधने व परिस्थिती समान असल्यास अंतिम फाइल बाइटागणिक समान यावी, अशी ती कल्पना आहे. मात्र डीबग माहितीत बांधणी ज्या निर्देशिकेत झाली तिचा मार्ग नोंदलेला असतो. तो बदलल्यास यंत्रभाषा तीच राहूनही हॅश बदलू शकतो. म्हणून कंपायलरला त्या मार्गाऐवजी ठरावीक मार्ग लिहिण्याची सूचना देता येते.

याउलट कधी समान संकेत गैरसोयीचा ठरतो. एखाद्या पॅकेजच्या दोन आवृत्त्यांत एखादा लहान प्रोग्राम अजिबात बदललेला नसेल, तर दोन्ही पॅकेजांतील त्या फायलींचा बिल्ड आयडी एकच येतो व दोन डीबग पॅकेजे एकाच जागेसाठी भांडतात. आरपीएम या पॅकेज व्यवस्थेत हॅश काढताना पॅकेजच्या आवृत्तीचा त्यात समावेश करून असे संकेत वेगळे करण्याची सोय आहे.

लांबी व टक्कर

दोन भिन्न गोष्टींना एकच संकेत मिळण्याला टक्कर म्हणतात. वाढदिवसाच्या प्रसिद्ध कोड्याप्रमाणे, टक्कर होण्यासाठी लागणारी संख्या अपेक्षेपेक्षा बरीच लहान असते. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी मूल्ये बसतात, तरी यादृच्छिक संकेत दिल्यास सुमारे ७७,००० फायलींतच कुठेतरी टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. ६४ बिटांसाठी ही संख्या सुमारे ५०० कोटी इतकी होते. १२८ व १६० बिटांसाठी ती इतकी प्रचंड असते की अपघाताने टक्कर होण्याची चिंता व्यवहारात उरत नाही.

हेतुपुरस्सर केलेली टक्कर हा वेगळा प्रश्न आहे. एमडी५ची टक्कर २००४ मध्ये, तर एसएचए-१ची प्रत्यक्ष टक्कर २०१७ मध्ये दाखवण्यात आली. शिवाय बिल्ड आयडी हा फाइलमध्ये लिहिलेला साधा मजकूर असल्याने तो कोणालाही बदलता येतो. त्यामुळे ओळखक्रमांक दोन फायलींची जोडी जुळवतो, फाइलच्या विश्वासार्हतेची हमी देत नाही. ती हमी देण्यासाठी डिजिटल स्वाक्षरी लागते.

फाइलमधील सिम्बॉल शोधणे

योग्य फाइल मिळाल्यावर तिच्यातील योग्य सिम्बॉल शोधणे हा दुसरा टप्पा होय. आधुनिक संचालन प्रणाली सुरक्षेसाठी प्रत्येक वेळी प्रोग्राम स्मृतीत वेगळ्या ठिकाणी भरतात. म्हणून क्रॅशच्या पत्त्यातून भरणीचा आरंभपत्ता वजा करून सुरुवातीपासूनचे अंतर काढले जाते. बांधणीचा ओळखक्रमांक व हे अंतर यांची जोडी यंत्रभाषेतील एक स्थान निःसंदिग्धपणे दर्शवते.

स्थान निश्चित झाले तरी सिम्बॉल एकच असतो असे नाही. कंपायलर लहान फंक्शन दुसऱ्या फंक्शनात विरघळवतो, तेव्हा एकाच पत्त्यावर एकात एक असलेली अनेक फंक्शने असतात. लिंकर समान यंत्रभाषेची दोन फंक्शने एकत्र करतो, तेव्हा एकाच पत्त्याला दोन नावे मिळतात. एखाद्या फंक्शनचा क्वचित वापरला जाणारा भाग दूर ठेवला जातो, तेव्हा एका नावाला सलग नसलेल्या दोन जागा असतात. म्हणून क्रॅश अहवालात नावे साठवण्यापेक्षा ओळखक्रमांक व अंतर साठवणे आणि नावे नंतर शोधणे अधिक सुरक्षित मानले जाते.

बांधणी बदलली तरी टिकणारी सिम्बॉलाची ओळख हवी असल्यास नावाचा आधार घ्यावा लागतो. सी++ मध्ये समान नावाची अनेक फंक्शने असू शकतात, म्हणून कंपायलर नाव, नेमस्पेस व प्राचलांचे प्रकार एकत्र गुंफून एक विस्तारित नाव तयार करतो. याला नावाचे मँगलिंग म्हणतात. तरीही केवळ एका फाइलपुरत्या मर्यादित फंक्शनांची नावे वेगवेगळ्या फायलींत समान असू शकतात. एलएलव्हीएम प्रकल्पात अशा फंक्शनासाठी सोर्स फाइलचे नावही जोडून मग एमडी५वरून ६४ बिटांचा संकेत काढला जातो.

ड्वार्फच्या २०१० मधील चौथ्या आवृत्तीत प्रकारांसाठी स्वाक्षरी ही सोय आली. एकाच प्रकाराचे वर्णन अनेक फायलींत पुन्हा पुन्हा येते. त्या वर्णनाचा एमडी५ हॅश काढून त्यातील ६४ बिट स्वाक्षरी म्हणून ठेवले जातात. लिंकर समान स्वाक्षरीच्या वर्णनांपैकी एकच ठेवतो. पाचव्या आवृत्तीत प्रमाणित झालेल्या विभाजित ड्वार्फ रचनेतही मुख्य फाइलमधील सांगाडा व बाजूच्या फाइलमधील तपशील ६४ बिटांच्या संकेताने जोडलेले असतात.

देवनागरी सिम्बॉलनावे

अनेक प्रोग्रामिंग भाषांत फंक्शनांना व चलांना देवनागरी नावे देता येतात. जीसीसी कंपायलरमध्ये २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून सोर्स कोडमध्ये अशी नावे थेट लिहिता येतात, तर रस्ट भाषेत ही सोय २०२१ मध्ये स्थिर झाली. अशा वेळी नावाला ओळख मानण्याच्या पद्धतीत एक खास मराठी अडचण निर्माण होते.

एल्फ फाइलमधील सिम्बॉलनाव म्हणजे केवळ बाइटांची मालिका असते. डोळ्यांना समान दिसणारी दोन नावे बाइटांनी भिन्न असल्यास लिंकर व डीबगर त्यांना वेगळे मानतात. 'खामगाव' हे नाव युनिकोडमध्ये सहा वर्णांकांचे असते व यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट घेते. ते लिहिण्याची एकच प्रचलित रीत असल्याने त्यात संदिग्धता नाही. खामगाव ज्या प्रदेशात आहे त्या 'वऱ्हाड' या नावाचे तसे नाही. त्यातील अर्धा ऱ, म्हणजे रफाराऐवजी येणारे आडवे चिन्ह, तीन प्रकारे साठवता येते:

१. ऱ हा स्वतंत्र वर्ण व त्यानंतर हलन्त. या रूपात नावाचे १८ बाइट होतात.

२. र, त्याखालील नुक्ता व हलन्त. या रूपात २१ बाइट होतात.

३. र, हलन्त व शून्य रुंदीचा जोडक हे अदृश्य चिन्ह. या रूपातही २१ बाइट होतात.

यांपैकी पहिला मार्ग भारतीय मानक १३१९४:१९९१, म्हणजे इस्की, या संकेतप्रणालीशी सुसंगत आहे. इस्कीच्या प्रसारात पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाचा मोठा वाटा होता. तिसरा मार्ग युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी पुढेही मान्य ठेवण्यात आला.

युनिकोडच्या एनएफसी या सामान्यीकरणाने दुसरे रूप पहिल्यात बदलते, परंतु तिसरे रूप तसेच राहते. रस्टमध्ये नावांचे एनएफसी सामान्यीकरण होते व जोडक चिन्हास नावात मनाई आहे. पायथनमध्ये एनएफकेसी सामान्यीकरण होते व तेथेही जोडक चालत नाही. सी++२३ मानकानुसार नावे एनएफसी रूपातच असावी लागतात व जोडक वर्ज्य आहे. जावा मात्र नावांचे सामान्यीकरण करत नाही व जोडकासारखी अदृश्य चिन्हे नावात स्वीकारते. त्यामुळे जावामध्ये वरील तीन 'वऱ्हाड' ही तीन वेगळी नावे ठरतात. क्रॅश अहवालात ती एकसारखीच दिसतात, पण एका रूपात केलेला शोध इतर दोन रूपांपर्यंत पोहोचत नाही. 'सुऱ्या', 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' अशा असंख्य मराठी शब्दांना हे लागू पडते.

सी++ च्या प्रचलित मँगलिंगमध्ये नावापूर्वी त्याची लांबी लिहिली जाते. जीसीसी ही लांबी बाइटांत मोजतो. म्हणून पहिल्या रूपातील 'वऱ्हाड'पूर्वी १८, तर दुसऱ्या वा तिसऱ्या रूपापूर्वी २१ असा अंक येईल. रस्टच्या नव्या मँगलिंग पद्धतीत रोमन वर्णमालेबाहेरील नावे प्यूनिकोडमध्ये रूपांतरित होतात. '.भारत' या देवनागरी डोमेनसाठीही प्यूनिकोडच वापरला जातो.

या अडचणीवर दोन उपाय आहेत. नावाचा हॅश काढण्यापूर्वी त्याचे सामान्यीकरण करणे व अदृश्य चिन्हांना मनाई करणे हा एक. नावाऐवजी बांधणीचा ओळखक्रमांक व अंतर यांवर विसंबणे हा दुसरा. दुसऱ्या उपायात नाव कोणत्याही लिपीत व कोणत्याही रूपात असले तरी जुळणीवर परिणाम होत नाही.

सिम्बॉल सर्व्हर

ओळखक्रमांक पुरेसा एकमेव असल्यास त्यावरून डीबग फाइल जालावरून आपोआप मिळवता येते. मायक्रोसॉफ्टने सार्वजनिक सिम्बॉल सर्व्हरद्वारे विंडोजच्या पीडीबी फायली उपलब्ध केल्या आहेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात एल्फयूटिल्स प्रकल्पाच्या २०१९ मधील ०.१७८ या आवृत्तीत डीबगइन्फोडी हा सर्व्हर समाविष्ट झाला. डीबगर त्याला बिल्ड आयडी पाठवतो व उत्तरादाखल डीबग फाइल, एक्झिक्युटेबल फाइल किंवा सोर्स फाइल मिळवतो. फेडोरा, डेबियन, उबुंटू व आर्च लिनक्स ही वितरणे असे सर्व्हर चालवतात.

या व्यवस्थेत वितरणाचे नाव, पॅकेजचे नाव वा आवृत्ती सांगण्याची गरज नसते. अनेक सर्व्हरांना एकामागून एक तोच संकेत विचारता येतो, कारण त्या संकेताचा अर्थ सर्वत्र सारखाच असतो. मात्र फाइल बांधणीच्या वेळीच जपून ठेवलेली असली पाहिजे. वितरित केलेल्या बांधणीची डीबग फाइल टाकून दिल्यास, आणि बांधणी पुनरुत्पादनक्षम नसल्यास, ओळखक्रमांक अचूक असूनही त्याचा उपयोग होत नाही.

मर्यादा

प्रोग्राम चालू असताना निर्माण होणाऱ्या यंत्रभाषेला, उदाहरणार्थ जावा किंवा जावास्क्रिप्टच्या तत्काळ कंपायलरने बनवलेल्या भागाला, फाइल नसते व म्हणून बिल्ड आयडीही नसतो. बांधणीनंतर एक्झिक्युटेबल फाइलमध्ये बदल करणारी साधने संकेत तसाच ठेवून यंत्रभाषा हलवू शकतात. अशा वेळी ओळखक्रमांक जुळूनही पत्ते चुकतात. तसेच बिल्ड आयडी लिहिण्याचा पर्याय बंद ठेवून बांधलेल्या प्रोग्रामांसाठी डीबगरला नाव व मार्ग यांच्या जुन्या पद्धतीवरच अवलंबून राहावे लागते.

ओळखक्रमांक जुळत नसतानाही फाइल वापरण्याची सक्ती करण्याचा पर्याय काही डीबगरांत असतो. तो वापरल्यास मिळणारी नावे व ओळ क्रमांक पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत.

हे सुद्धा पहा

कंपायलर
डीबगर
हॅश फंक्शन
युनिकोड
देवनागरी